दुधाची पकड

सकाळी आठला कालिंदी भोईने दूधपेढीच्या खिडकीतून स्वतःच्या दुधाची बाटली आत सरकवली. "काल मेथी खाल्लीय, मॅडम. आज बघा बरं."

मांडवे रुग्णालयाच्या दूधपेढीत तरन्नुम मणेर हे वाक्य सलग पाचव्या दिवशी ऐकत होती. मेथीच्या जागी कधी शेपू असायचा, कधी अळीव. तिने दुधाचे तीन थेंब यंत्रात सोडले.

यंत्र येऊन वर्ष झालं होतं. त्यातल्या सोन्याच्या पातळ पत्र्यावर एक प्रथिन चिकटवलेलं होतं. ते होतं नवजात कक्षात शिरलेल्या जंतूचं. याच प्रथिनाने तो जंतू बाळाच्या आतड्यावरच्या शर्करा पकडतो आणि तिथे ठाण मांडतो. आईच्या दुधात तशाच शर्करा मोकळ्या तरंगत असतात. जंतूने फसून त्या पकडल्या, की तो त्यांच्यासकट वाहून जातो. दूध पत्र्यावरून वाहिलं आणि शर्करा प्रथिनाला चिकटल्या, की तिथून परतणारा प्रकाश किंचित कलतो आणि पडद्यावरची रेघ चढते. मग मिठाचं पाणी सोडायचं. रेघ जितकी सावकाश उतरेल, तितकी पकड घट्ट.

कालिंदीची रेघ आडवीच राहिली.

"काय कमी पडतंय माझ्यात?"

"कमी काही नाही गं. कोणाच्या दुधात कुठली शर्करा उतरणार, ते जन्मतःच ठरतं. खाण्याने बदलत नाही."

"मग रोज कशाला मोजता?"

नियम होता म्हणून. पण ते तरन्नुमला सांगवेना. कालिंदीची मुलगी अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेली, जेमतेम नऊशे ग्रॅमची. आणि पेढीतलं, पकड असलेलं दूध परवाच संपलं होतं.

शेजारच्या काचपेटीत रेवती कोष्टीचा मुलगा होता. रेवती अडतीस वर्षांची, पहिलंच मूल. तिच्या दुधाची रेघ झरझर चढायची आणि उतरायचं नाव घ्यायची नाही. "रेवतीताई, तुमच्या बाळाला या जंतूची भीती नाही," असं तरन्नुम पहिल्याच दिवशी आनंदाच्या भरात बोलून गेली होती.

गुरुवारी दुपारी त्या मुलाचं पोट फुगलं. शनिवारी सकाळी तो गेला. आतड्यात तोच जंतू सापडला.

तरन्नुमने रेवतीचं उरलेलं दूध पुन्हा मोजलं. नवा पत्रा लावून मोजलं. रेघ पहिल्यासारखीच चढली. डॉक्टर सोनटक्के मागे येऊन उभे होते.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "पत्र्यावर एकच प्रथिन आहे. जंतूकडे अशी आणखी किती आहेत, कोणास ठाऊक." मग ते हळूच म्हणाले, "भोईंच्या मुलीला अजून लागण नाही. रेवतीताईंचं दूध मिळालं तर... तुम्ही विचाराल?"

"मी?"

"त्या तुमच्याशी बोलतात."

रेवती खाटेवर बसली होती. नवरा कागदांवर सह्या करायला खाली गेला होता. तिच्या झंपरावर दुधाचे दोन ओले डाग पसरले होते. तरन्नुमने अडखळत सगळं सांगितलं.

रेवतीने झंपरावरच्या डागांकडे पाहिलं. मग म्हणाली, "जंतूला धरतं ना माझं दूध? तुम्हीच म्हणाला होता."

"पत्र्यावर धरतं, ताई. बाळाच्या पोटात काय होतं, ते मला कळत नाही. मी तसं बोलायला नको होतं."

"माझ्या लेकाला पुरलं नाही. तिला पुरेल?"

"माहीत नाही."

ही आता ओरडेल, असं तरन्नुमला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. रेवतीने पदर पुढे ओढून छाती झाकली. टेबलावर दूध काढायचा पंप सकाळपासून तसाच पडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"त्या पोरीचं," तिने विचारलं, "नाव ठेवलंय का हो?"