मिठागरावरचा डबा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

धनेश माझा मावसभाऊ. राहणार कोपरी, ठाणे पूर्व. नोकरी वागळे इस्टेटला, पण जीव सगळा ढगांत. रडारची चित्रं बघून पुढच्या दोन-तीन तासांत वादळ येणार का, हे तो मोबाईलवर ग्रुपमध्ये टाकतो. पार कल्याण-डोंबिवलीपर्यंतची माणसं त्याला विचारून कपडे वाळत घालतात.

गेल्या वर्षीचा मे. त्याच्या बहिणीची, करिश्माची हळद होती. आम्हा आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खा गाव लोटतो. मैदानात भलामोठा लोखंडी मांडव घातलेला.

दुपारपासून सगळ्यांचा एकच प्रश्न... येईल का?

मुरबाडकडे ढग उठले, की ते बघता बघता कल्याण ओलांडून ठाण्यावर येतात. धनेशने रडार पाहिलं. कोरं होतं.

"काही येत नाही. बसवा नवरीला," तो म्हणाला.

दिवे लागले. डीजे बंद झाला आणि गंगुबाई धवलारीण हळदीची गाणी गाऊ लागली. आमच्यात ती हळदीला घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते.

सगळ्यांची नावं झाली. एक सोडून.

परशुराम. धनेशचा आजोबा. मिठागरावर राखणीला असायचा. वादळ दिसलं की तेलाचा रिकामा डबा बडवायचा, मग माणसं मिठाच्या राशी झाकून घराकडे पळायची. एका वादळात सगळे परतले, तो नाही. प्रेतही मिळालं नाही. त्याच्या बायकोने, शालू आजीने, कुंकू पुसलं नाही, म्हणून मेलेल्यांत त्याचं नाव कोणी घेत नसे.

गंगुबाई थांबली...

ठण... ठण... ठण...

खाडीकडून.

धनेशला वाटलं, पोरं असतील. पण मिठागर कधीच बंद पडलेलं. तिकडे आता नुसती तिवरं. त्याने पुन्हा मोबाईल पाहिला.

कोरं.

मांडवाच्या झालरी हलायच्या थांबल्या. गल्लीतली कुत्री गप्प झाली...

ठण... ठण...

शालू आजी उठली आणि अनवाणीच खाडीकडे निघाली.

धनेशने तिचा हात धरला. एवढ्या पाहुण्यांसमोर त्याचा शब्द खोटा पडत होता, त्याला राग आला होता. काही येत नाही, मी बघितलंय, असं तो तिला परत परत सांगत होता.

"त्यो डबा वाजवतंय," आजी म्हणाली. "तुला आयकू येत नाय?"

त्याला ऐकू येत होतं.

आजीने हात सोडवून घेतला. तिच्यामागे सुना धावल्या, हळदीने माखलेली करिश्मा धावली, नवरी निघाली म्हणून सगळा गाव निघाला. रस्त्यापलीकडे शाळेच्या व्हरांड्याशी सगळ्यांनी मिळून म्हातारीला थोपवलं.

तेवढ्यात वारा आला, पाठोपाठ पाऊस.

रिकामा मांडव आधी उचलला गेला, मग खाली बसला. करिश्माच्या पाटाचे एका लोखंडी खांबाखाली दोन तुकडे झाले होते.

आजीने पदराने कुंकू पुसलं.

"गंगू, आता घे त्याचा नाव."

तिथेच, भिजलेल्या व्हरांड्यात, गंगुबाईने परशुरामाला बोलावलं. खाडीकडून एकदाच आवाज आला...

ठण.

मग पुन्हा कधीच नाही.

धनेश म्हणतो, रडारच्या दोन चित्रांच्या मधल्या वेळात ढग असा फुटू शकतो. वादळाचं उत्तर त्याच्याकडे आहे. डब्याचं नाही.

आज करिश्माच्या बाळाचं बारसं. त्याच मैदानात. मी धनेशच्या घरी बसून हे लिहितोय. आत्ताच तिचा फोन आला, मांडव भरलाय, येईल का?

धनेशने रडार पाहिलं. कोरं आहे.

मग त्याने पंखा बंद केला, खाडीकडची खिडकी उघडली आणि कान देऊन उभा राहिला.

काहीच वाजत नाही. वाजवणाऱ्याला राखणीवरून आम्हीच तर बोलावून घेतलंय.

करिश्मा फोनवर थांबली आहे. धनेशला हो म्हणवत नाही, नाही म्हणवत नाही...

आणि खाली गल्लीतली कुत्री आत्ताच गप्प झाली आहेत.