पडद्यावरची दोन अक्षरं

“मशीन मेलं,” कनीज म्हणाली. “मन्सूरची कुवेतहून ईमेलने आलेली पत्रं त्यातच होती. नवरा तर गेलाच, आता पत्रंही गेली.”

ऑक्टोबर २००२, शुक्रवारची दुपार. सगुणा शेट्ये थकून स्टुलावर बसल्या. टेलिफोनची नोकरी सोडून त्या रत्नागिरीत कॉम्प्युटरच्या भानगडींचा खासगी तपास करत. आजचं हे तिसरं काम. हत्यारांची पिशवी सांभाळत चुलते आप्पा बरोबर होतेच.

कनीजच्या इंटरनेट सेंटरात काळ्या पडद्यावर दोनच इंग्रजी अक्षरं होती: एल, आय.

“हे कोण वापरतं?”

“मी आणि माझा दीर तन्वीर. सुरू करतानाच पासवर्ड मागतं, तो आम्हा दोघांनाच ठाऊक. सकाळी ह्याने मशीन चालवणाऱ्या लिनक्सचा अपग्रेड केला नि ही गत. उद्यापासून हा इथे नको.”

तन्वीरने मान वर केली नाही. “अपग्रेड पुरा झाला होता. पुन्हा सुरू करून पाहिलं, नीट चाललं. मग बंद करून एकला नमाजाला गेलो. अडीचला आलो तर हे. भाभींनी हातही लावू दिला नाही.”

टायपिंग शिकवणारी विमला म्हणाली, “मी एकच्या एसटीने पालीहून निघाले. दोनला बाजारातून येणाऱ्या कनीजभाभी भेटल्या, दोघी बरोबरच आत आलो. तेव्हाच हे पडद्यावर होतं.”

कनीजची मुलगी अलफिया दारात उभी होती. “मी मागे घरात होते. चाचांच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या क्लासला बसते म्हणून काय मशीनची पेटी उघडता येते?”

सगुणाबाईंनी मशीन बंद करून सुरू केलं. सरळ तीच दोन अक्षरं. पुन्हा सुरू करून त्यांनी सेटिंगचा पडदा उघडला. तारीख एक जानेवारी, वेळ सव्वादोन. त्यांच्या मनगटावर पावणेचार.

“घड्याळ बिघडलंय,” आप्पा म्हणाले. “त्यात काय?”

“आप्पा, मशीनने पासवर्ड मागितला?”

“नाही बुवा.”

“आत नाण्याएवढा सेल असतो. तो काढला की पासवर्ड, सेटिंग, तारीख सगळं पुसतं. परत बसवला की घड्याळ एक जानेवारीच्या शून्यापासून धावतं. हे सव्वादोन तास धावलंय. म्हणजे सेल बसला दीड वाजता. तेव्हा तन्वीर मशिदीत, विमला एसटीत. कनीजला तर पासवर्ड ठाऊकच आहे, ती सेल कशाला काढेल? हार्ड डिस्क वाचायची पद्धतही त्यात पुसली गेली, म्हणून सुरुवातीचा चार अक्षरांचा शब्द पुरा न होता गाडी पहिल्या दोन अक्षरांवर अडकली. अपग्रेडचा दोष नाही.” त्या वळल्या. “अलफिया, पेटी उघडल्याचं मी कुठे बोलले होते गो?”

अलफिया रडू लागली. “अपग्रेडमध्ये अब्बांची पत्रं पुसली असतील असं वाटलं. बघायचं होतं फक्त. अम्मी कधी बघू देत नाही. मग चाचांवर आलं नि मी भ्याले.”

सगुणाबाईंनी एक सेटिंग बदललं. मशीन सुरू झालं. पत्रांची यादी जशीच्या तशी उतरली.

“तन्वीर, चुकलं माझं,” कनीज म्हणाली.

अलफिया पडद्यावर वाकली. “अम्मी, सगळ्यात वरचं उघडलेलंच नाही?”

“ते त्याने आधी पाठवलेलं, पण मशीनवर उतरलं तो गेल्याची खबर आल्यावर. दीड वर्ष माझा हात उठत नाही.” कनीजने खुर्ची पुढे सरकवली. “बस. तू वाच. मोठ्याने वाच.”

सगुणाबाईंनी आप्पांना खूण केली. दोघं आवाज न करता बाहेर पडली.