एकसष्ट पानं

तुम्ही पोरं मोबाइलवर भुतांचे पिक्चर बघत खिदळता, म्हणून गुरुदास धुरीचं सांगतो. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

गुरुदास मूळचा बांद्याचा. डिचोलीला खाणीच्या वजनकाट्यावर माझ्याबरोबर कारकून होता. ट्रक काट्यावर चढला की आकडा लिहायचा, ट्रक उतरला की मांडीवरची कादंबरी उघडायची. घरगुती गोष्टी त्याला चालत नसत. गड हवा, गडाखाली भुयार हवं आणि भुयारात तीनशे वर्षं कोणीतरी जिवंत हवं. असली पुस्तकं त्याला पुरवणारे म्हणजे पार्सेचे नारायणमास्तर. निवृत्त शिक्षक, पण वाचनात याच्याहून वेडे. वयात पस्तीस वर्षांचं अंतर, आणि बोलायला बसले की मास्तरांची बायको पार्वतीकाकी दोनदा भात गरम करायची.

मास्तरांना घशाचा आजार झाला. तरी एक जाडजूड कादंबरी वाचत होते. पुठ्ठा गेलेली, म्हणून तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. गुरुदास भेटायला गेला की जेवढी वाचून झाली तेवढी गोष्ट ते त्याला सांगायचे. किल्लेदारानं धाकट्या सुनेला भुयारात चिणलं... आठव्या रात्री भिंतीतून आवाज आला, 'वाढा'... आणि एवढं सांगून झाल्यावर मास्तरांची वाचाच गेली. महिन्याभरात तेही गेले.

त्यानंतर काकीनं निरोप धाडला, पुस्तकं घेऊन जा म्हणून. एकोणीसशे सत्त्याऐंशी साल, वीस नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारीच अमावास्या लागली होती. काटा बंद करून गुरुदास मोटारसायकलवर निघाला, पार्सेला पोचेपर्यंत दिवेलागण झाली.

"ही सगळी ने रे बाबा," काकी म्हणाली. "घरात वास मारता."

त्यानं दोन पोती भरली. मास्तरांची खाट तशीच होती, चादर ओढलेली. उशीवर ती बिनपुठ्ठ्याची कादंबरी उघडी ठेवली होती. त्यानं हात पुढं केला.

"ता नाका!" काकी एकदम म्हणाली. "तेंचा ता अजून वाचून जावंक नाय."

"काकी, मास्तर तर आता..."

"नाका म्हटलंय मा? च्या घेतंस?"

ती चहा टाकायला आत गेली. गुरुदास खाटेपाशी उभा. सुनेचं पुढं काय झालं? भिंतीतून वाढा म्हणणारी ती होती की आणखी कोण? सव्वा महिना तो तळमळत होता. म्हातारीला वाचता येत नाही, उशीवर ठेवून काय उपयोग? त्यानं पुस्तक उचललं आणि सदऱ्याच्या आत, पोटाशी खोचलं. चहा बशीत ओतून घाईनं प्यायला, पोती मोटारसायकलला बांधली आणि निघाला. कोलवाळचा पूल येईपर्यंत पोट ओलं झालं होतं. घाम असेल म्हणाला. नोव्हेंबरच्या गारठ्यात.

डिचोलीतल्या भाड्याच्या खोलीत त्यानं दार लावलं तेव्हा साडेदहा वाजले होते. न जेवताच वाचायला बसला. पुस्तक जिथं उघडं होतं तिथंच उघडलं. तीच आठवी रात्र, सात-आठ पानंच पुढं गेलेली. गडी खूश झाला.

अंगठा जिभेला लावून पान उलटायची त्याला सवय. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. तिसऱ्याला तोंडात चव आली. काताची, चुन्याची... आणि त्याखाली काहीतरी आंबलेलं. त्यानं पान दिव्याकडे धरलं. कोपरा तपकिरी, चहात बुडवलेल्या पावासारखा फुगलेला. मास्तर घसा सडेपर्यंत पान खायचे, हे त्याला आठवलं. ते थुंकीनं पानं उलटायचे, हेही. तो खिडकीबाहेर थुंकला. पाण्यानं चूळ भरली. परत बसला. बसला, कारण किल्लेदारानं नुकतीच पहार मागवली होती.

चौथं पान उलटेना.

दोन पानं चिकटली असतील म्हणून त्यानं नखानं चाचपलं. चिकटली नव्हती. वरून दाबल्यासारखं जड होतं. कोणाच्या तरी बोटाखाली असावं, तसं. त्यानं जोर केला... आणि डाव्या कानामागं कोणीतरी आवंढा गिळायचा प्रयत्न केला. ओला आवाज. घशात अडकलेला. खाली न उतरलेला.

मग पान हलकं झालं. आपणहून.

कोपऱ्यावर ताजी थुंकी होती. लाल.

आणि गुरुदासच्या ध्यानात आलं. मागं जो होता, तो सावकाश वाचत होता. त्याचं वाचून झाल्याशिवाय पान उलटणार नव्हतं.

पुस्तक मिटायला गेला. मिटेना. उठायला गेला. उठवेना. मागं बघायचं धाडस... नाही.

पाचवं पान. सहावं.

खांद्यावरून एक तार खाली आली. लाळेची. लांब, चिकट, दिव्यात चमकणारी. ओळीवर टेकली. मनगटावर पडली. थंडगार. मढ्याच्या खोलीचा वास सुटला... औषधं, सडलेला घसा, पान. त्याला ओकारी आली. ती त्यानं गिळली.

सगळ्यात ओंगळ गोष्ट त्यानं मला पुढं कितीतरी वर्षांनी सांगितली. त्याचा अंगठा दर पानाला आपोआप तोंडाकडे जायचा. कोपरा ओला आहे हे ठाऊक असून. ती चव ठाऊक असून. आणि तो वाचत होता. नुसते डोळे फिरवत नव्हता, वाचत होता. पुढं काय, पुढं काय... "किळस त्याची नाय येवक," मला म्हणाला, "माझीच इली."

गिळायचा तो आवाज.

पान.

पुन्हा आवाज.

पान...

कोंबडा आरवला तेव्हा शेवटची ओळ आली. मागं एक लांब श्वास सुटला. खोली रिकामी झाली. गुरुदास मोरीवर जाऊन ओकला. लालभडक. आयुष्यात त्यानं कधी पान खाल्लं नव्हतं.

दिवस उजाडताच तो पार्सेला गेला. काकी ओटीवर बसली होती, रात्रभर जागल्यासारखी. त्यानं पुस्तक पुढं ठेवलं आणि मान खाली घातली. चोर म्हणेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं. तिनं शेवटचं पान उघडून कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"संपला?"

"होय काकी."

"सगळा?"

त्यानं मान हलवली.

"मी रोज राती एक पान परततंय," काकी म्हणाली. "उशयेवर ठेवन निजतंय. सकाळी कोपरो ओलो आसता. मगे कळता, येवन गेले." तिनं पुस्तक मिटलं. "एकसष्ट पानां उरली हुती रे. दोन म्हयने ते येतले हुते. तू एका रातीत संपयलंस!"

तिनं त्याचा उजवा हात ओढला. अंगठा बघितला. पदरानं पुसला. परत बघितला आणि पुसला... मग हात सोडून दिला आणि उठून आत गेली. दार लावून घेतलं. पुन्हा कधी तिनं त्याला घरात घेतलं नाही.

गुरुदासनं त्यानंतर एकही पुस्तक उघडलं नाही. काट्यावर डाव्या हातानं आकडे लिहायला शिकला. कोणी विचारलं की उजवा दुखतो म्हणायचा.

गेल्या मे महिन्यात पेडण्याच्या बाजारात भेटला. थकलाय आता. हॉटेलात बसलो, चहा घेतला. बोलता बोलता त्यानं चुकून गेलास उजव्या हातानं धरला. लगेच खाली ठेवला, हात खिशात घातला आणि बसची वेळ झाली म्हणत निघून गेला.

पोऱ्या गेलास उचलायला आला. थबकला.

काचेवर अंगठ्याचा ठसा होता. लाल. आणि तो खाली ओघळत होता.