हजार मीटरच्या खाली

"रस्ता बंद आहे," नॉटबुर्गा म्हणाली.

कासियनने गाडीतून मान बाहेर काढली. "पण समोर तर मोकळा दिसतोय... तू जरा बाजूला झालीस, तर—"

"तू? हे फाटक हजार मीटरच्या खाली आहे. इथे 'तुम्ही' म्हणायचं!"

ऑस्ट्रियाच्या डोंगरात, आमच्या टिरोलमध्ये, ही रीतच आहे. हजार मीटरच्या वर सगळे अरे-तुरे करतात, खाली उतरले की पुन्हा अहो-जाहो. वरची हवा विरळ; आदराला पुरत नसावी.

कासियनला ईस्टरच्या आत वरच्या गावातल्या चर्चचा ऑर्गन सुरात लावायचा होता. नॉटबुर्गाचं काम उतारावरच्या बर्फावर नजर ठेवायचं. दक्षिणेचा गरम वारा सुटला होता. रात्री गोठलेला बर्फ पहाटे दगडासारखा घट्ट असे. ऊन चढलं की भिजून घसरायला बघे. म्हणून रस्ता फक्त पहाटे खुला.

"पहाटे या की."

"पहाटे तुम्ही असता?"

"नाही. माझा भाऊ असतो."

दुसऱ्या दिवशी तो ऊन चढल्यावरच आला. तिसऱ्या दिवशीही तसाच, खसखशीचा केक घेऊन आला. गाव म्हणालं, बिचाऱ्याला झोप फार. पाद्रीबाबा मात्र ईस्टरच्या काळजीने वाळू लागले.

"ऑर्गन बेसूर वाजला तर मी पाद्रीबाबांना तुमचं नाव सांगेन, नॉटबुर्गाबाई," कासियन फाटकाशी म्हणाला.

"माझं नाव कुणी सांगितलं?"

"केकवालीने. न विचारता... म्हणजे, दोनदाच विचारलं."

नॉटबुर्गा बराच वेळ उतार निरखत राहिली. उतारात काही फरक पडला नव्हता.

तेवढ्यात वाऱ्याने तिची टोपी फाटकापलीकडे उडवली. कासियन पाठोपाठ धावला... आणि वर काहीतरी कडाडलं.

"अरे थांब! मागे फिर, गाढवा! टोपी मरू दे, तू ये!"

तो फिरला, धावला, फाटकावरून जवळजवळ तिच्यावरच पडला. मागे ओला, जड बर्फ धडधडत रस्त्यावर सांडला. मग सगळं शांत.

तिने त्याची बाही अजून सोडली नव्हती.

"तुम्ही मला... 'तू' म्हणालात," तो धापा टाकत म्हणाला. "हजार मीटरच्या खाली."

"गाढवही म्हणाले."

"ते राहू द्या. 'तू' परत घेणार का?"

"धोका टळला की."

"कधी टळेल?"

"डोंगराचा टळेल. रस्ता साफ झाला की पहाटे जाऊन ऑर्गन लाव." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं, अनुभवी नजरेने. "तुझा मात्र... टळेलसं लक्षण दिसत नाही."