सोबतखत आणि वंशखत

भिवघाटी श्वानवंश केंद्राच्या मोजणीकक्षात मेरू नावाचा कुत्रा स्थैर्यफलकावर उभा होता. फलक म्हणजे दोन हात लांबीची एक गुळगुळीत पट्टी. तिच्या पोटात बसवलेल्या संवेदकांना उभ्या प्राण्याच्या देहातील सूक्ष्म कंपही कळत असे आणि त्यावरून शंभरापैकी एक अंक निघे. त्याला स्थैर्यांक म्हणत. मेरूचा स्थैर्यांक अठ्ठ्याण्णव होता. इतका अंक भिवघाटी जातीत पूर्वी कोणाला मिळाला नव्हता. निमुळते मुख, खोल छाती, ताणलेल्या धनुष्यासारखी पाठ. तो उभा राहिला की शिल्पच वाटे.

मोजणी संपली. केंद्राच्या प्रमुख डॉ. अनसूया तेलंग यांनी त्याला उतरण्याची खूण केली. मेरूचे पुढचे पाय भूमीवर आले. मागचे आले नाहीत. आपले अर्धे शरीर वर का राहिले हे न कळून त्याने मान वळवून पाहिले, आणि मग तो कुशीवर कोसळला.

त्या वर्षी अशा रीतीने मागचे पाय गेलेला हा सहावा कुत्रा होता. सहाही चार वर्षांचे होते, आणि सहाही वंशखताचे.

ही खते, म्हणजे विक्रीचे दस्तऐवज, काय आहेत, ते येथे सांगितले पाहिजे. केंद्रात जन्मलेल्या पिलाची विक्री दोन प्रकारे होत असे. सोबतखताने चाळीस हजारांना मिळणारे पिलू घरात राहावे, मुलांशी खेळावे, दाराची राखण करावी एवढ्यासाठी असे. त्याला आठव्या आठवड्यात जननबंधाची सुई टोचत. त्या सुईतील द्रव्य बीजपेशी घडवणारी जनुके बंद करून टाकी. दोन वर्षांच्या आत मोचनद्रव्य दिले, तर ती पुन्हा उघडत. त्यानंतर मात्र बंध कायमचा होई. वंशखताचे पिलू चार लाखांना जाई आणि त्याला बंध नसे. दोन्ही पिले एकाच आईच्या कुशीतली, एकाच दुधावर वाढलेली. तरीही दरात दहापटीचे अंतर असे, कारण वंशखताचा ग्राहक त्या पिलाचे मोल देत नसून त्याच्या अजून न जन्मलेल्या संततीचे मोल देत असे.

कोणते पिलू कोणत्या खताचे, याचा निर्णय स्थैर्यांक करी. ही रीत मात्र यंत्राहून जुनी होती. कुत्री वाढवणाऱ्यांच्या पालकसंघाचे अध्यक्ष हैबतराव मोटे यांचे आजोबा अंगणात परात पालथी घालून तिच्यावर एकेक पिलू ठेवीत. जे सर्वांत अधिक वेळ निश्चल उभे राही, ते घरी राखीत आणि उरलेली देऊन टाकीत. केंद्राने परातीच्या जागी फलक आणला एवढेच.

मेरूच्या मज्जातंतूंची तपासणी पशुवैद्य डॉ. इर्शाद मणेर यांनी केली. हैबतराव आणि अनसूयाबाई त्यांच्यासमोर बसले होते. पडद्यावर दोन रेषा होत्या: एक सारखी थरथरणारी, दुसरी जवळजवळ सरळ.

"थरथरणारी रेषा निरोगी पिलाची आहे," मणेर म्हणाले. "हैबतराव, तुम्ही डोळे मिटून एका पायावर उभे राहा आणि कोणाला तरी तुमचा घोटा पाहायला सांगा. तो क्षणभरही थांबत नाही. शरीर कलते, मज्जातंतू त्याची वार्ता नेतात, स्नायू सावरतात. उभे राहणे म्हणजे हे अखंड सावरणे."

"आणि ही सरळ रेघ?"

"मेरूची, तो आठ आठवड्यांचा होता तेव्हाची. त्याच्या मज्जातंतूंतून वार्ता उशिरा पोहोचत होती. सावरायला वेळ मिळत नाही म्हणून शरीराने सांधे आवळून धरले. आपण त्याला डौल म्हटले."

हैबतरावांनी त्या सरळ रेषेवर बोट ठेवले. "म्हंजी आमचा आजा परातीवर रोग निवडत हुता?"

"नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "ते धीर निवडत होते. शांत उभे राहणारे पिलू धिटाईचेही असू शकते. पण त्या निश्चलतेच्या आडून हा दोष आत शिरला. तो चौथ्या वर्षी प्रकटतो. तोवर वंशखताच्या कुत्र्याची तीन-चार वेते होऊन गेलेली असतात."

पुढचा भाग अधिक कठोर होता आणि तो मणेरांनी सौम्य करून सांगितला नाही. सदोष जनुकाची एक प्रत असली तरी कुत्रा फलकावर निश्चल उभा राहतो आणि पुढे अधू होतो. प्रत्येक वेतात काही पिलांना ती प्रत मिळत नसे. ती पिले फलकावर चुळबुळत, कमी अंक मिळवीत, आणि जननबंध घेऊन बाहेर जात. पिढ्यानपिढ्या केंद्राने निर्दोष ते बाहेर पाठवले आणि सदोष ते राखले. एकच सदोष प्रत असलेली शेवटची कुत्री वर्षभरापूर्वी प्रजननातून बाद झाली होती; आता बंध नसलेल्या, वंश चालवणाऱ्या प्रत्येक कुत्र्यात त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. त्यांच्यातल्या कोणत्याही जोडीला यापुढे निर्दोष पिलू होणे शक्य नव्हते.

"म्हंजी जात संपली," हैबतराव म्हणाले.

"निर्दोष भिवघाटी कुत्री आहेत," अनसूयाबाई म्हणाल्या. "ती सोबतखताने लोकांच्या घरी गेली आहेत. ज्यांचा बंध अजून उघडता येईल अशी मोजकीच. त्यांतली एक मादी विट्याला आहे."

संघाच्या नियमानुसार बंध उघडण्यासाठी मालकाने दोन दरांतील अंतर भरायचे असे. ते माफ करावे असे हैबतरावांनी सुचवताच सभेत गदारोळ झाला. काहींनी मणेरांच्या निष्कर्षावरच शंका घेतली. चार लाखांना विकलेल्या पिलांचे मालक दारात येऊन उभे राहतील, अशी भीती काहींनी बोलून दाखवली. हैबतरावांनी सर्वांचे ऐकून घेतले. मग ज्याला नियम हवा आहे त्याने तो मेरूच्या मागच्या पायांना ऐकवावा, असे म्हणून ते उठले आणि विट्याला निघाले.

सगुणाबाई देवकर यांचे घराणे गलाईचे. घरातील पुरुष दूरदूरच्या शहरांत सोने गाळण्याचा व्यवसाय करीत; विट्याचे घर आणि भिंगरी नावाची कुत्री सगुणाबाई सांभाळीत. हैबतराव ओट्यावर टेकतात तोच भिंगरीने त्यांचा जोडा पळवला.

सगुणाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "दादा, हिला घेताना तुम्ही काय म्हणाला होता, आठवतंय? पोरांना खेळवायला बरी हाय, पर वंशाला कामाची न्हाई."

"म्हणालो हुतो."

"एका जागी उभी राहत न्हाई म्हणून नापास केली. आता तिनं काय पाठांतर केलं?"

"ती पासच हुती, ताई. नापास आमी झालो." हैबतरावांनी वंशखताचा पूर्ण दर देऊ केला. कुत्री केंद्राला परत द्यावी, चार लाख घ्यावेत.

"सोन्याचा कस काढणाऱ्या घरात बसून बोलताय तुम्ही," सगुणाबाई म्हणाल्या. "विकायची वस्तू कोणती आणि कोणती न्हाई, एवढं आमाला कळतं. भिंगरी विकायची न्हाई. बंध उघडा. बाळंतपण हितंच होईल, ह्या घरात. पिलं केंद्राची; पर तिला हिथनं कुणी हलवायची न्हाई."

हैबतरावांनी हात जोडले आणि जोडा परत मागितला.

मिरजेच्या एका दंतवैद्यांच्या घरी असाच एक निर्दोष नर होता. दोघांनाही मोचनद्रव्य दिले गेले आणि यथाकाल भिंगरीला पाच पिले झाली. मणेरांनी पाचांची तपासणी केली. सदोष जनुकाची एकही प्रत कोणात आढळली नाही.

आठव्या आठवड्यात सगुणाबाईंच्या अंगणात पालकांची दाटी झाली. नवे ज्ञान त्यांनी चटकन आत्मसात केले होते. आता ज्याचा अंक सर्वांत कमी, तो कुत्रा श्रेष्ठ. एका पालकाने आपल्या पिलांना सकाळ-संध्याकाळ चहा पाजायला सुरुवात केल्याचे कानी येत होते. केंद्राचा फलक ओट्यावर मांडला गेला. काळ्या ठिपक्यांचे एक पिलू त्यावर ठेवताच त्याने तीन गिरक्या घेतल्या आणि अंक आला एकोणीस. कोणीतरी सहा लाख बोलले. हैबतरावांचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला.

अनसूयाबाईंनी त्यांना परसात बोलावले.

"आनंदात विघ्न आणते आहे," त्या म्हणाल्या, "पण हे आज बोलले नाही तर पुन्हा बोलून उपयोग नाही. निश्चलतेला दर लावला, तेव्हा तिच्या आडून एक रोग आला. आता चांचल्याला दर लावा. त्याच्या आडून काय येईल ते मला दिसत नाही, मणेरांनाही दिसत नाही. मेरूच्या पणज्याकडे पाहून तरी ते कोणाला दिसले होते?"

"मग चांगलं काय, ते कशावरनं ठरवायचं?"

"या पाचांत सदोष कोणी नाही. एवढेच आपल्याला निश्चित ठाऊक आहे. त्यापुढे ठरवायचे नाही. कोणाचा वंश चालवायचा, ते चिठ्ठीने ठरवावे."

हैबतराव संतापले. तीन पिढ्या आपण पारखीवर जगलो, असे ते म्हणाले. जगभरचे लोक मोट्यांच्या नजरेचे पैसे मोजतात, चिठ्ठी तर शेंबडे पोरही उचलील. शिवाय चिठ्ठीने निघालेल्या पिलाला चार लाख कोण देणार?

"कोणी देणार नाही," अनसूयाबाई म्हणाल्या. "दर एकच ठेवावा लागेल, सोबतीचा. कोणत्याही लक्षणाला वंशाचा दर लावला की सारी जात त्या लक्षणाकडे धावते, आणि त्या लक्षणामागे जे दडलेले असेल ते तिच्याबरोबर धावते. चिठ्ठीला लक्षण नसते. तिच्या मागे दडायला जागा नाही."

हैबतराव परसातल्या शेवग्याखाली उभे राहिले. पलीकडे अंगणात सात लाखांची बोली झाल्याचा गलका ऐकू आला. त्यांनी डोक्याचा पटका सोडला, झटकला आणि पुन्हा घट्ट बांधला. मग ते अंगणात गेले आणि त्यांनी फलकाची तार उपटली.

सर्व पिले चाळीस हजारांना जातील, असे त्यांनी सांगितले. पाचांतील दोघांना बंध घातला जाणार नाही. ते दोन कोणते, ते चिठ्ठी ठरवील. यापुढे केंद्राच्या प्रत्येक वेताला हीच रीत. मोट्यांच्या अंगणात वाढलेल्या कुत्र्यांनाही. ज्याला हे मान्य नसेल, त्याने चहा घेऊन जावे. मोटे कोणावर रागावणार नाहीत.

बहुतेकांनी चहाही घेतला नाही. जाताना एकाने म्हाताऱ्याला वेड लागल्याचे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले. हैबतरावांनी वळून पाहिले नाही. त्यांनी सगुणाबाईंकडून एक रिकामा डबा मागून घेतला, पाच चिठ्ठ्या घातल्या आणि पिलांकडे न पाहता पहिली उचलली.

चिठ्ठी निघाली ती एका तांबूस पिलाची. त्याचा एक कान उभा होता, दुसरा लोंबत होता. फलकावर त्याचा अंक ना फार अधिक आला होता, ना फार कमी. गलक्यात त्याच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते.

वाळव्याहून आलेला एक पालक तेवढा मागे थांबला होता. त्याने ते पिलू उचलून चारी बाजूंनी न्याहाळले, दात पाहिले, पंजे दाबले, पुन्हा खाली ठेवले.

"अण्णा," तो म्हणाला, "वंश चालवायला काढलंय तर सांगा तरी. ह्या पिलात विशेष काय हाय?"

"मला ठावं न्हाई," हैबतराव म्हणाले. "ठावं असतं, तर ह्यालाच पयला बंध घातला असता."