तीन हाका

कझाकस्तानातल्या उश्तोबे गावच्या शाळेतली कोरियन वंशाची दहा पोरं कोरियाला निघाली, तेव्हा त्यांची शिक्षिका क्लारा हिच्या बॅगेत सगळं होतं: पासपोर्टांच्या प्रती, उलटीच्या गोळ्या, दोन थर्मामीटर, आणि सासऱ्यांनी तळाशी कोंबलेलं एक निळं जाकीट.

जाकीट वेन्याचं होतं, तिच्या मुलाचं. चार वर्षांपूर्वी तो तिकडे कारखान्यात कामाला गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात, भाड्याच्या खोलीत, झोपेतच गेला. घरी फक्त राख आली.

"माणूस गेला की त्याचा कपडा हातात धरून तीनदा हाक मारतात," आबाय म्हणाले. सासऱ्यांना सगळं गाव आबायच म्हणे. "त्याला तिथे कुणी हाक मारली? पोरगं अजून त्या खोलीच्या पायरीवर बसलं असेल, घरचं कुणी येईल म्हणून."

"आबाय, मी पदार्थविज्ञान शिकवते."

"शिकव की. हाक मारायला कुठे पदवी लागते, सूनबाई?"

हे भांडण चार वर्षं चाललं होतं. निघताना तोंड कशाला वाजवा, म्हणून तिने जाकीट राहू दिलं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटायची. हाक मारली आणि काहीच झालं नाही तर? न मारलेल्या हाकेत निदान आशा तरी उरते.

ती वाकून दाराबाहेर पडली. आबायच्या वडिलांनी कच्च्या विटांनी बांधलेल्या त्या घराची चौकट इतकी ठेंगणी होती, की वेन्या सोळा वर्षांचा झाल्यापासून रोज कपाळ आपटून घ्यायचा. आबाय आतून ओरडायचे, "वाक रे उंटा!" आणि क्लारा टाचा उंचावून त्याचं टेंगूळ चोळायची.

सहल मात्र झकास चालली होती. पोरांनी कोबीची किमची मुरायला घातली आणि रोज तिच्या रसात आम्लता मोजायचा कागद बुडवून ती किती आंबली ते पाहिलं. जुन्या घरात चूल पेटवून जमिनीखालून ऊब कशी पसरते ते थर्मामीटर लावून मोजलं. पोरं उतरली होती त्या शिबिराच्या कोरियन बान मॅडम मोडकीतोडकी रशियन बोलायच्या. पोरांचे चेहरे हुबेहूब आपल्यासारखे आणि भाषा मात्र एकालाही धड येत नाही, याचं त्यांना रोज नव्याने वाईट वाटायचं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना एका बंद पडलेल्या दगडखाणीवर नेलं. खाली दरीत कारखान्यांची निळी छपरं दिसत होती. क्लाराने गावाचं नाव विचारलं. राखेच्या डब्यावर तेच नाव होतं.

"समोरचा कडा किती लांब? आवाज टाकायचा, परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं," बान मॅडम म्हणाल्या. "एका मोजणीवर विश्वास नाही. तीनदा मोजायचं, सरासरी काढायची."

क्लारा हे वाक्य बावीस वर्षं वर्गात सांगत आली होती.

पोरांनी फळ्या आपटल्या. रोमाकडे स्टॉपवॉच होतं. दोन सेकंद, दोन सेकंद, दोन सेकंद. म्हणजे तीनशे चाळीस मीटर. सोपं गणित. मग नावांच्या हाका सुरू झाल्या, खिदळणं सुरू झालं. थंडी वाजते म्हणून बाईंच्या बॅगेतलं निळं जाकीट घालून बसलेल्या स्नेझानाने ते काढून बाईंच्या हातात दिलं.

"क्लारा इवानोव्हना, आता तुम्ही! वर्गात तर खाणीपलीकडे ऐकू जाईल असं ओरडता!"

पोरं हसली. क्लाराही हसली. "कझाकस्तान" म्हणायचं तिने ठरवलं होतं. जाकिटाची कॉलर तिच्या मुठीत होती. हात आपोआप वर गेला.

"वेन्या!"

हसणं थांबलं. उश्तोबे लहान, वेन्याचं सगळ्यांना ठाऊक होतं.

वेन्या, कडा म्हणाला.

"दोन सेकंद," रोमा हळूच म्हणाला.

आता तिला थांबता येईना. "वेन्या!"

"एक पूर्णांक तीन." रोमाने घड्याळ हलवून पाहिलं. "बाई, माझंच चुकलं असेल."

स्नेझानाने वहीत लिहिलं: दोनशे एकवीस मीटर.

तिसरी हाक नीट निघालीही नाही. ती हाक नव्हतीच, जेवायला ये म्हणतात तसं काहीतरी होतं.

उत्तर लगेच आलं. कड्यावरून नाही, अलीकडच्या झुडपांतून.

"अर्धा सेकंद."

पंचाऐंशी मीटर.

बान मॅडमनी स्वतः फळ्या आपटल्या. दोन सेकंद. पुन्हा आपटल्या. दोन सेकंद.

"घड्याळ बिघडलं," त्या म्हणाल्या आणि सगळ्यांना घाईघाईने बसमध्ये बसवलं.

त्या तीन आकड्यांची सरासरी कुणी काढली नाही.

उश्तोबेला ती सकाळी पोचली. आबाय अंगणात कांद्याच्या माळा विणत होते. तिने जाकीट पुढे केलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"चला, आत चला," ते म्हणाले.

ते आत गेले. मागोमाग ती वाकून आत गेली आणि थंडी येते म्हणून दार लावायला वळली.

"थांब, सूनबाई."

चौकटीवर धप्प आवाज झाला. वरून थोडी माती गळली. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

"वाक म्हटलं ना, उंटा," आबाय पाठमोरेच पुटपुटले.

सवयीने क्लाराच्या टाचा उचलल्या गेल्या, हात वर गेला. तिच्या डोक्याच्या वीतभर वर, रिकाम्या हवेत, तिच्या बोटांना ते टेंगूळ लागलं.