बटणांच्या दुकानापाशी

गल्लीत दुकान टाकून महिना उलटला तरी धाकटीची एक हौस काही पुरी होत नव्हती. पत्ता सांगताना कुणीतरी "बटणांच्या दुकानापाशी" म्हणावं, एवढीच ती हौस. तीन बहिणींत ती धाकटी, म्हणून शेहेचाळिसाव्या वर्षीही घरादाराची धाकटीच राहिलेली. अकरा वर्षं दुसऱ्याच्या कापडदुकानात, मागच्या खोलीत बसून तिने अस्तरं कापली होती. आता स्वतःची पाटी होती, निळ्यावर पिवळी, गल्लीच्या तोंडापासून वाचता येईल एवढी. आत दोनशे बारा काचेच्या बरण्या होत्या. शिंपल्याची बटणं, लाकडी, पितळी, कोटाची, उशीच्या अभ्र्याची. आणि गल्ली मात्र अजून म्हणायची, "रेडिओवाल्यापाशी वळा."

रेडिओवाला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात जुनी घरं पडली, त्या जागी उंच इमारती आल्या, नवी माणसं राहायला आली आणि खालची निम्मी दुकानं शटर ओढून गप्प बसली. पण पत्त्यात रेडिओवाला ठाण मांडून होता. त्याचं झालं काय, असं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच. एका दुपारी चालू रेडिओ फळीवर ठेवून तो बाहेर पडला आणि परत आला नाही. वर न चुकता जोडायचे, हसतमुख होता हो.

त्याचंच दुकान धाकटीच्या ताब्यात आलं तेव्हा आत भिंतीतल्या एका कपाटाशिवाय काही नव्हतं. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने ओळींवर ओळी लिहिल्या होत्या. बटणं? सोमवार. बटणं? गुरुवार. बटणं? आज दोघं. खालच्या खाचेत बोटभर पेन्सिलही तशीच पडलेली. रेडिओवाल्याचं बटणांशी काय देणंघेणं, म्हणून धाकटी बुचकळ्यात पडली. तिच्या मावशीने तिला वेड्यात काढलं. ही मावशी रोज स्टुलावर बसून सुटी बटणं निवडायची आणि दुकान आपल्यामुळेच चालतं असं मानायची.

"अगं, रेडिओला बटणं नसतात होय?" मावशी म्हणाली. "गिऱ्हाइकं मागत असतील."

धाकटी हसली. कपाटात तिने धाग्यांच्या रिळांचे खोके भरले आणि दाराला रंग द्यायचं राहून गेलं.

एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, एक बाई एका पायात चप्पल आणि दुसरी हातात अशी लंगडत दुकानात आली. चप्पल हिरवी होती आणि तिचा पट्टा तुटला होता. चपला दुरुस्त करणारा इथेच कुठेतरी आहे ना, असं तिने विचारलं. मग म्हणाली, "बटणांच्या दुकानासमोर, असं सांगितलं मला."

धाकटीला आनंदाचं भरतंच आलं. तिने बाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, दाभण काढून लाल दोऱ्याने पट्टा स्वतःच शिवून दिला आणि वर एक शिंपल्याचं बटण भेट म्हणून हातात ठेवलं. बाई आभार मानून गेली. धाकटी कितीतरी वेळ दारातच उभी होती.

"ते सगळं ठीक आहे," मागून मावशी म्हणाली. "पण समोर चपलावाला आहे कुठे?"

समोर गंजलेलं शटर होतं. त्याच्या कुलपावर वेल चढला होता.

नवव्या दिवशी तो वेल कुणीतरी कापला. आत ऐरण आली, चामड्याचे गुंडाळे आले, आणि मागोमाग एक धिप्पाड, मिशाळ बूटवाला आला. पहिल्याच दिवशी त्याने मावशीच्या वहाणा फुकट शिवून दिल्या आणि मावशीने त्याला मनोमन जावई करून टाकलं, जावयाला मुलगी द्यायची सोय नसताना. योगायोग, असं धाकटी म्हणाली. ती हिशेबी डोक्याची बाई होती. बटणं मोजून घ्यायची आणि मोजून द्यायची.

तीन आठवड्यांनी तीच बाई पुन्हा आली. हातात तीच हिरवी चप्पल, तसाच तुटलेला पट्टा. शिवण उसवली वाटतं, असं म्हणत धाकटीने हात पुढे केला, तर बाई गोंधळली. पट्टा आत्ता, कोपऱ्यावर तुटला, म्हणाली. या गल्लीत ती पहिल्यांदाच येत होती. धाकटीने चप्पल उलटसुलट करून पाहिली. लाल दोरा नव्हता. दाभणाचं एकही भोक नव्हतं.

तिने समोर बोट दाखवलं.

त्यानंतर एक गृहस्थ बटणांच्या दुकानाशेजारची बेकरी विचारत आले. वास तर येतोय, म्हणाले आणि नाक वर करून हसले. शेजारी तेव्हा रिकामी खोली होती आणि तिच्यात फक्त पोपडे होते. सतराव्या दिवशी तिथे भट्टी पेटली. मग दोन मुली वह्या छातीशी धरून, बटणांच्या दुकानावरचा गाण्याचा क्लास शोधत जिना चढून गेल्या आणि कुलूप बघून परत उतरल्या. महिन्याभरात वरून पेटीचे सूर यायला लागले. एक चष्मेवाला जागा बघायला येऊन कां कूं करत होता. धाकटीने त्याला छातीठोकपणे सांगितलं, घ्या डोळे मिटून, तुमची गिऱ्हाइकं दोनदा येऊन गेली. तो विनोद समजून हसला, आणि त्याने जागा घेतली.

गल्ली अशी भरत चालली. सकाळी पावाचा वास, दुपारी ऐरणीवरचे ठोके, संध्याकाळी वरचा बेसूर सा हळूहळू सुरात येताना ऐकू यायचा. लोक कामाशिवायही चक्कर मारायला लागले. बंद शटरांसमोर पाय उचलून चालणारी माणसं आता थांबून गप्पा मारायची. धाकटीला सकाळी शटर वर करताना गुणगुणायची सवय लागली. मावशीची एकच तक्रार होती. तिला हवं होतं आइस्क्रीमचं दुकान आणि ते मेलं कुणी विचारतच नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती आशेने न्याहाळायची.

एकदाच धाकटीने बूटवाल्यापाशी विषय काढला. ती बाई पहिल्यांदा आली तो मंगळवार त्याला सांगितला. त्याने बोटांवर दिवस मोजले.

"तेव्हा मी ही गल्ली पाहिलीसुद्धा नव्हती, ताई," तो म्हणाला. मग हातातला खिळा ठोकायचा सोडून तो बराच वेळ दातांत धरून बसला.

पण आनंदाच्या दिवसांत माणूस असल्या गोष्टी फार उगाळत नाही. सगळ्या दुकानदारांनी मिळून गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दिव्यांच्या माळा लावल्या. बेकरीवाल्याने गरम पाव वाटले, गाण्याच्या मुलींनी जिन्यावर उभं राहून गाणी म्हटली, बूटवाल्याने भसाड्या आवाजात साथ दिली. समोरच्या इमारतीतले एक खडूस आजोबा, ज्यांच्या तोंडून चांगला शब्द ऐकायला लोक टपलेले असत, ते फोनवर कुणाला तरी येण्याची वाट समजावत होते. ते ओरडले, "अरे, बटणांच्या दुकानापाशी ये. बटणांच्या."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावशीने तिला कुशीत घेतलं आणि पाठीवर थापटत राहिली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात एक तरुण मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या केसांत पेन खोचलेलं होतं.

"ताई, आइस्क्रीमचं दुकान कुठे आहे हो इथे?"

मावशी स्टुलावरून उडालीच. हातातली बटणं जमिनीवर सांडली.

"बटणांच्या दुकानाशेजारी असेल," धाकटी कौतुकाने म्हणाली.

"हो, तेच. पूर्वी जिथे बटणांचं दुकान होतं ना, त्याच्या शेजारी."

वर पेटी वाजत होती. एक बटण गडगडत मुलीच्या पायाशी जाऊन थांबलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पूर्वी?" धाकटीने विचारलं.

मुलगी बरण्यांच्या रांगांवरून नजर फिरवत होती. चेहऱ्यावर हसू उमटलं. "फुलं काय ताजी आहेत तुमची. जाताना घेते थोडी."

धाकटी दारापर्यंत पुढे आली. "आणि ती बटणवाली? ती कुठे गेली?"

"काय माहीत. एका दुपारी बाहेर पडली म्हणे." मुलीने जरा आठवून पाहिलं. "हसतमुख होती म्हणतात."

ती उन्हात निघून गेली. मावशी गुडघ्यांवर बसून बटणं गोळा करत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, आलं बाई एकदाचं आइस्क्रीम.

धाकटी कपाटापाशी गेली. तिने रिळांचे खोके बाजूला केले आणि दार उन्हाकडे वळवलं. बटणं? सोमवार. बटणं? गुरुवार. बटणं? आज दोघं. रेडिओवाल्याचं अक्षर गोल, नीटनेटकं. त्या ओळींच्या वर, दार तिरकं धरल्यावर, पुसट झालेली आणखी एक ओळ दिसली. अक्षर दुसरंच होतं, किरटं, उजवीकडे कललेलं.

रेडिओ? बुधवार.

तिला भीती वाटली. आणि तरीही, कसं कोण जाणे, तिला हसू येत होतं. गल्लीने अखेर तिचं नाव घेतलं होतं आणि आता गल्ली ते सोडणार नव्हती.

खाचेतली पेन्सिल घेऊन तिने सगळ्यात खाली लिहिलं, फुलं? शुक्रवार.

मग तिने पेन्सिल जागच्या जागी ठेवली. अजून एकदोघांना पुरेल एवढी होती.